दोन इंजेक्शने, एक फ्रीज

म्हशीने पान्हा चोरला की गोठ्यात एक छोटी बाटली निघते. दुधाच्या पट्ट्यात तिचे नाव ‘पान्ह्याचे इंजेक्शन’. हेच औषध बाळंतपणाच्या खोलीत ‘कळांचे इंजेक्शन’ होते. कागदावर ते ऑक्सिटोसिन. शेजारच्या घरात मधुमेही आजोबा जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेतात. ही दोन्ही औषधे एकाच जातीची आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन्ही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. ऑक्सिटोसिनच्या माळेत ९ मणी, इन्सुलिनच्या दोन सरांत मिळून ५१. इन्सुलिन १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले आणि पुढे साठ वर्षे ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढले जात होते. ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. त्यासाठी व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना १९५५ चे नोबेल मिळाले.

कामे मात्र पूर्ण वेगळी. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवते. ते वर्षानुवर्षे, रोज घ्यावे लागते. ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळते. बाळ बाहेर येताच आईला १० युनिट दिले, की वारेच्या जागेवरच्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते दिले नाही, किंवा दिलेले निकामी निघाले, तर एखादी धडधाकट बाई तासा-दोन तासांत रक्तस्रावाने हातची जाऊ शकते. भारतातील मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आजही रक्तस्रावच आहे. प्रसूतीआधी ‘लवकर सुटका व्हावी’ म्हणून घरी कोणाकडून तरी हेच टोचून घेणे हा वेगळा धोका: गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

पेप्टाइड पोटात गेले की डाळीतल्या प्रथिनासारखे पचते. म्हणून इन्सुलिन टोचावे लागते. आणि म्हणूनच दुधातल्या ऑक्सिटोसिनने मुली लवकर वयात येतात, या भीतीला आधार नाही. गोठ्यातला गैरवापर थांबलाच पाहिजे, पण तो जनावरासाठी. दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असे काही टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. २०१८ मध्ये केंद्राने याच कारणाने खासगी कंपन्यांचे ऑक्सिटोसिन उत्पादन बंद करायचे ठरवले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात तो आदेश रद्द केला. गोठा डोळ्यांसमोर ठेवून औषधाचे धोरण आखले, की बाळंतिणीचा विसर पडतो तो असा.

खरा प्रश्न फ्रीजचा आहे. दोन्ही औषधांचा साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. उन्हाने बिघडलेले ऑक्सिटोसिन दिसायला तसेच स्वच्छ पाणी. बाटलीवर मुदतही शिल्लक असते. नारायणगाव-मंचरकडे मे महिन्याचा उन्हाळा, तर पश्चिमेला आहुपे, तळेघर, भीमाशंकरच्या अंगाला पावसाळ्यात वीज जाते ती लवकर येत नाही. आहुप्याची बाळंतीण घोडेगावला आणायची, तर डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने घाटवळणे उतरून यायचे. वाटेत रक्तस्राव झाला तर तिच्या वाट्याला येते ते जवळच्या आरोग्य केंद्रातले ऑक्सिटोसिन. ते लसींच्या फ्रीजमध्ये आहे की टेबलावरच्या ट्रेमध्ये, यावर पुढचे ठरते.

इन्सुलिनच्या बाबतीत घरच्यांच्या हाती थोडे असते. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड खोलीत चालते. फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या माठात, पिशवीत गुंडाळून. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे.

बाळंतिणीसाठी असा माठ नाही. तिसरे एक पेप्टाइड आहे: कार्बेटोसिन, ऑक्सिटोसिनचेच भावंड. त्याचा एक प्रकार उष्णतेत टिकतो. भारतासह दहा देशांतल्या सुमारे ३० हजार मातांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचा ठरला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. सह्याद्रीच्या कडेच्या आरोग्य केंद्रांसाठी तो आधी मागवायला हवा. तोवर प्रत्येक प्रसूतिगृहातले ऑक्सिटोसिन लसींच्या शेजारी ठेवावे आणि त्या फ्रीजच्या तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ व्हावी. वीज गेलेल्या दिवशीही.