दुधीच्या फुलाची वेळ

वसई हिरवी राहिली पाहिजे असं म्हणणाऱ्यांतलाच मी एक. पण ‘हिरवी’ म्हणजे काय, यावरून माझं आता आपल्याच माणसांशी भांडण आहे.

निर्मळजवळच्या आमच्या वाडीत काका रोज संध्याकाळी दुधीच्या मांडवाखाली जातात. नर फूल खुडतात, त्याच्या पाकळ्या मागे दुमडतात आणि देठाशी इवलासा दुधी घेऊन आलेल्या मादी फुलावर ते हलकेच फिरवतात. तीस-चाळीस फुलं होईपर्यंत अंधार पडतो. हे कधीपासून करायला लागलात, असं मी विचारलं. “दुधी बोटभर होऊन पिवळे पडायला लागले तेव्हापासून,” काका म्हणाले. “आधी हे काम फुकटात व्हायचं रे.”

एका वाडीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण ते फुकटचं काम कोण करत होतं, आणि त्या कामकऱ्यांचं आपण काय केलं, एवढं तर विचारता येईल.

दुधीचं फूल पांढरं असतं. ते दिवस कलल्यावर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. पडवळाचं झालरीसारखं फूलही रात्रीचंच. अंधारात दिसावं म्हणून पांढरं, आणि ते दिसावं कोणाला, तर पतंगांना. भोपळा पहाटे उमलतो, त्याच्याकडे माश्या येतात. वांग्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे परागकण बारीक छिद्रांच्या नळीत कोंडलेले असतात. वाऱ्यानं थोडे झडतात, पण ते नीट बाहेर काढायचे तर फुलाला लटकून अंग थरथरवणारी माशी लागते. मोहोळातल्या मधमाशीला ते जमत नाही. काळ्या भुंग्याला जमतं, पोटावर निळे पट्टे असलेल्या एकांड्या माशीला जमतं.

ही मंडळी राहतात कुठे? भुंगा वाळक्या बांबूत आणि जुन्या वाशांत भोक पाडून राहतो. निळ्या पट्ट्यांची माशी मोकळ्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. पतंगाचं सुरवंटपण कुठल्यातरी रानटी झुडपाच्या पानावर जातं. म्हणजे त्यांना हवंय ते असं : वाळलेलं लाकूड, उघडी माती आणि थोडं तण. आपण ज्याला ‘घाण’ म्हणतो, नेमकं तेच.

आणि ती घाण काढायचा आपण चंगच बांधलाय. अंगणात पेव्हर ब्लॉक, बावखलाच्या काठाला काँक्रीट, बांधावर तणनाशक. मांडवाला बांबूऐवजी लोखंडी पाइप. झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळा रात्रभर चालू. इमारतीच्या छज्जाखाली आग्या मोहोळ दिसलं की ग्रुपवर आधी फोटो येतो आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर. याहून वाईट म्हणजे धूरफवारणी. ती होते नेमकी दिवेलागणीला. ज्या वेळी दुधी उमलतो, पडवळ उमलतं, पतंग बाहेर पडतात, त्याच वेळी आपण गल्लोगल्ली कीटकनाशकाचा धूर सोडतो. धुराला डास कोण आणि पतंग कोण हे कळत नाही.

इथे लगेच विचारलं जाईल, डेंग्यूनं माणसं मेली तर चालतील का? नाही चालणार. पण धुरानं मरतात ते उडणारे डास. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवी फौज तयार होते. शिवाय डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. गच्चीवरची टाकी झाकणं, कुंडीखालची ताटली आठवड्याला रिकामी करणं, बावखलात गप्पी मासे सोडणं ही कामं दिसत नाहीत, धूर दिसतो. साथ पसरली की त्या घराभोवती फवारणी जरूर करा. एरवी तिनं दुसरं काही झालं नाही तरी, काहीतरी केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

दुसरी मंडळी म्हणतात, कीटकांसाठी तुंगारेश्वर आहे की. आहे. 2003 साली अभयारण्य झालं, फार चांगलं झालं. पण ते रेल्वेच्या पूर्वेला, महामार्गापलीकडे, आणि वाड्या पश्चिमेला समुद्राच्या अंगाला. मधे उभं आहे 2011च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेलं शहर. छोट्या एकांड्या माश्यांची झेप काहीशे मीटरची. ती तुंगारेश्वरहून भुईगावला कामाला येणार नाही. तिला लोकलचा पास नाही.

तिसरा उपाय उत्साही मंडळींचा : मधपेट्या आणा. आणा, कारल्या-भोपळ्याला उपयोग होईल. पण पेटीतली माशी वांग्याला थरथरवणार नाही आणि अंधार पडल्यावर पडवळाकडे जाणार नाही. एका पाळीव जातीनं शेकडो रानटी जातींची जागा भरून निघत नाही.

आता सर्वांत अवघड जागेचं दुखणं. वसई फुलांची म्हणून आपण मिरवतो. पहाटेच्या गाडीनं दादरच्या बाजारात जाणारा आपला मोगरा, जास्वंद, सोनचाफा. पण मोगरा आपण कळीतच खुडतो आणि त्याचं झाड कलमानं वाढवतो. या फुलाला कीटक कधी भेटतच नाही, आणि भेटला तर आपण औषध मारतो. देवाच्या वाट्याला फुलं जातात याबद्दल माझी तक्रार नाही, आमचंही घर त्यावर चाललंय. पण फुलांची वाडी म्हणजे कीटकांचं घर, हा गैरसमज आपण सोडून द्यावा. पाच ओळी मोगऱ्यामागे बांधावर एक शेवगा, एक करंज, थोडी तुळस फुलू दिली तर ते घर होईल.

1980च्या दशकाच्या अखेरीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबत हजारो वसईकर हरित वसईसाठी उभे राहिले. विहिरींचं पाणी आणि वाडीची जमीन ही भांडायची गोष्ट आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. आम्ही पुढच्यांनी मात्र त्या ‘हरित’चा अर्थ झाडांची संख्या एवढाच ठेवला. रस्त्याच्या दुभाजकावर पाम लावले की हिरवळ, टॉवरच्या पोडियमवर लॉन लावलं की हिरवळ. फळ न धरणारी हिरवळ आणि हिरवा रंग दिलेली भिंत यांत फरक तो काय?

जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना कमीजास्त प्रमाणात प्राण्यांकडून होणारं परागीभवन लागतं. चीनच्या सिचुआन प्रांतात नाशपतीच्या बागांत माणसं फांदीवर चढून पिसांनी परागकण लावतात. आपण त्या बातमीचं कौतुक करतो. आमच्या काकांचं कोणी करत नाही. ते बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांची मुलं विरारला फ्लॅटमध्ये राहतात, आणि संध्याकाळी साडेसहाला मांडवाखाली जाणारं त्यांच्यानंतर कोणी नाही.

म्हणून मागणं साधं आहे. साथ नसेल तर दिवेलागणीचा धूर बंद करा. अंगणातली निदान एक पट्टी उघडी माती राहू द्या. वाळके बांबू जाळू नका, कोपऱ्यात रचून ठेवा. मोहोळ दिसलं तर ते जाळायला नव्हे, सुखरूप हलवणारा माणूस बोलवा. पुढच्या सोसायटी मीटिंगला मी हे चार मुद्दे मांडणार आहे. मागच्या वेळी लोक हसले होते. त्यांच्यापैकी निम्मे जण आमच्याच वाडीतला दुधी घेतात.