दस्तरखान : चीज टोस्ट आणि नावाची थट्टा

मुलांच्या डब्यात हल्ली चीज टोस्टला मोठा मान आहे. भाकरी-खर्डा आणणारे मूल मात्र डब्याचे झाकण अर्धेच उघडते. म्हणून भगिनींनो, या मानाच्या पदार्थाचा इतिहास मुलांना जरूर सांगा.

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे भाजलेल्या चीजची फार आवड. त्यांच्या भाषेत त्याला ‘कौस पोबी’ म्हणतात. शेजारच्या इंग्रजांनी पावावरच्या वितळलेल्या चीजला नाव ठेवले ‘वेल्श रॅबिट’, म्हणजे वेल्श ससा. १७२५ पासून हे नाव लिखाणात सापडते. पदार्थात ससा नाहीच! मांस परवडत नाही, म्हणून यांचा ससा चीजचा, अशी ती थट्टा असावी असे मानतात. पुढे ‘रॅबिट’चे ‘रेअरबिट’ झाले आणि तोच पदार्थ भारदस्त वाटू लागला.

आपल्या मुंबईत उलटे घडले. विलिंग्डन क्लबमध्ये टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि तळलेले अंडे मिळते. शाकाहारी घरातले देवीप्रसाद केजरीवाल तिथे ते आवडीने मागवीत, म्हणून त्याला ‘एग्ज केजरीवाल’ म्हणतात. एक नाव हिणवण्यासाठी, दुसरे आपुलकीने.

घरी करताना एक लक्षात ठेवा. वेल्श रॅबिटमध्ये बिअर घालण्याची पद्धत आहे. आपण दूध घालावे. चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा परता, पाव वाटी दूध घालून ढवळा, मग अर्धी वाटी किसलेले चीज आणि मिरपूड घाला. वितळले की कुरकुरीत टोस्टवर ओता. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनते, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. त्या चीजमध्ये प्राण्याचे रेनेट नसते.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खात, नाहीतर सोडून देत. डबा भरताना ही सुन्नतही मुलांसोबत पाठवू या. भाकरीही अल्लाहचीच देणगी आहे, टोस्टही.