गव्हर्नर काढायचा की राखायचा?

आक्काचा फोन सहसा सणाच्या तोंडावर येतो. या वेळी तो भर आठवड्यात आला, आणि तोही निम्मा कानडीत. लग्न होऊन हैदराबादेत इतकी वर्षे काढली तरी घाबरली की तिला कानडीच सुचते. "तुझा भाचा इंजिनाचा गव्हर्नर काढून टाकणार म्हणतोय. निनग गोत्तैतल्ल, लगून बा."

मला 'गोत्त' आहे हे तिला पक्के ठाऊक. का, ते पुढे सांगतो.

आक्काचे घर गौलीगुड्यात. नावातच गवळी आहे, पण आमच्या लहानपणापासून गौलीगुडा म्हणजे बस. अमेरिकेतून आणलेला, विमानांसाठी बनवलेला लोखंडी हँगर निजामाच्या राजवटीत तिथे १९३० साली उभा राहिला, आणि १९३२ पासून त्याच्याखाली बसगाड्या थांबू लागल्या. त्या वर्षी २७ बसेसवर निजामाची रस्ता वाहतूक सुरू झाली होती. आम्ही सुट्टीला जायचो तेव्हा त्या प्रचंड कमानीखाली गाडी शिरली की इंजिनाचा आवाज चौपट व्हायचा आणि आई कान झाकून घ्यायची. १९९४ ला मुसीच्या काठी नवे मोठे स्थानक झाले, हँगर शहरी बसेसकडे गेला आणि ५ जुलै २०१८ ला कोसळला. आधीच रिकामा केलेला होता म्हणून निभावले.

तर अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला इंजिनाचे वेड लागणारच. भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने आणि तीन मित्रांनी मिळून पाइप जोडून एक गो-कार्ट केली. चार छोटी चाके, जमिनीपासून वीतभर उंच, ना छप्पर ना दार. इंजिन जुन्या जनरेटरवरचे, साडेसहा हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन. गाडी चालली, पण ताशी सव्वीस किलोमीटरच्या पुढे जाईना. मित्रांनी निदान केले की गव्हर्नर अडवतोय, काढून टाकू.

ज्यांच्या घरी कधी डिझेल पंप होता त्यांना गव्हर्नर वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडे सांगतो. या लहान इंजिनाच्या पोटात, तेलात, एक लहान दातेरी चाक असते. त्यावर दोन वजने बिजागरीवर बसवलेली. इंजिन जोरात फिरले की वजने बाहेर फाकतात, एक खिट्टी ढकलतात, तिने बाहेरची दांडी फिरते आणि ती कार्ब्युरेटरचा थ्रॉटल मिटू पाहते. उलट्या बाजूने एक स्प्रिंग तोच थ्रॉटल उघडू पाहते. दोघांची ओढाताण जिथे जुळते तो इंजिनाचा वेग. म्हणजे आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा थ्रॉटल उघडत नाही, फक्त स्प्रिंग ताणतो. बाकीचे काम गव्हर्नर करतो. चढ आला की आपण होऊन उघडतो, उतार आला की आवरतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर गोळ्यांचा गव्हर्नर बसवला आणि १८६८ मध्ये मॅक्सवेलसारख्या शास्त्रज्ञाने त्यावर गणिती निबंध लिहिला. इतका तो मानाचा धनी. पोरांना मात्र तो सासूसारखा वाटतो.

आता माझे 'गोत्त'. कॉलेजात असताना पाण्याला जोर यावा म्हणून मी शेतावरच्या पंपाच्या गव्हर्नरची जोडतार सोडली. मला वाटले, आता लगाम माझ्या हातात. पण गव्हर्नरची ओढ सुटली की उरते ती स्प्रिंगची, आणि ती थ्रॉटल सताड उघडाच ठेवते. इंजिन किंचाळायला लागले. बंद करायला हात पुढे करेपर्यंत कनेक्टिंग रॉड तुटला आणि त्याचा तुकडा कवच फोडून बाहेर आला. धाकटा भाऊ दोन हातांवर बसून शेंगा सोलत होता. तुकडा मागच्या भिंतीत रुतला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा ओसरीच्या कोनाड्यात ठेवून दिला, आणि तो वर्षानुवर्षे तिथेच होता.

भाच्याला नुसते "नको" म्हणून उपयोग नव्हता. या वयाला नकार म्हणजे आमंत्रण. म्हणून वही काढली.

जनरेटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेले असते, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथे ३६००. या जातीचे इंजिन ३६०० सहज सोसते. मित्रांना हवे होते ५०००. आता फेऱ्या वाढतात तशी रॉडवरची ओढ वर्गाच्या हिशेबाने वाढते. ३६०० चे ५००० म्हणजे फेऱ्या दीडपटही नाहीत, पण ओढ जवळजवळ दुप्पट. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मऊ, त्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटतच नाहीत, म्हणजे ताकदही मिळत नाही. आणि मॅग्नेटचे चाक बिडाचे. ते फुटले तर बाँबच, आणि गो-कार्टमध्ये ते चालवणाऱ्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर फिरत असते. परदेशात गव्हर्नर काढून शर्यती करणारे लोक आधी रॉड, मॅग्नेटचे चाक आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलतात. तो खर्च ऐकून मित्रमंडळ जरा शांत झाले.

पण भाच्याला पटले ते दुसऱ्याच गोष्टीने. इंजिनियरिंगच्या मुलांची 'बाहा' स्पर्धा आपल्याकडे २००७ पासून होते. तिथे बरीच वर्षे सगळ्यांना एकच दहा हॉर्सपॉवरचे इंजिन, आणि नियमाने गव्हर्नर ३८०० वर बांधून वर सील. मग चढाओढ कशाची? गाडीच्या वजनाची, गिअरची, डोक्याची. "म्हणजे मामा, सगळ्यांचा गव्हर्नर तोच?" म्हटले, तोच.

मग हिशेब केला. पुढचे स्प्रॉकेट १० दात्यांचे, मागचे ६० चे. इंजिनाचे सहा फेरे तेव्हा चाकाचा एक. अकरा इंची चाकाचा घेर सुमारे ८८ सेंटिमीटर. ३००० ला होतात ताशी सव्वीस किलोमीटर, म्हणजे रोग तिथेच कळला. गव्हर्नर राखून, फक्त त्याचा स्क्रू फिरवून ३६०० केले की साडेएकतीस. पुढे १२ दाती स्प्रॉकेट बसवले की अडतीस. उचल थोडी कमी होते, मैदानावर ती चालते.

गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "निकालना नक्को साब, निकाले तो इंजन भी जाता, बच्चा भी." बारा दाती स्प्रॉकेट त्यानेच शोधून दिले. दांडी कुणीतरी आधीच ढिली करून ठेवली होती, ती नीट बसवून घेतली. थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, आतून येणारा दांडा त्याच दिशेने अडेपर्यंत फिरवायचा आणि तसाच धरून नट आवळायचा. उलटे झाले तर गव्हर्नर असून नसल्यासारखा. वेग कानाने ठरवायचा नाही, फेऱ्या मोजायचे मीटर लावायचे. ३६०० भरल्यावर भाच्याने स्क्रूवर आक्काच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. फिरवला तर कळेल म्हणून. हे त्याला मी सुचवले नव्हते.

रविवारी पहाटे कॉलेजच्या मैदानावर गाडी काढली. हेल्मेट होते, चेनवर पत्र्याचे झाकण होते. आक्का पदर तोंडाशी धरून उभी. आपल्याकडे 'सावकाश' हा शब्द मराठीत चालतो तसा कानडीतही चालतो, त्यामुळे ती कोणत्या भाषेत ओरडत होती ते मला सांगता येणार नाही. पोराने सहा फेऱ्या मारल्या. मोबाइलवर वेग छत्तीस भरला.

उतरल्यावर त्याने पहिल्यांदा वाकून लाल ठिपका पाहिला. मग म्हणाला, "मामा, तो भिंतीतला तुकडा अजून आहे का घरी?"

पुढच्या वेळी घेऊन येतो म्हणालो आहे.