रविवारची शाळा : झेरॉक्सचा हिशेब

या वेळी माझीच एक चूक सांगते.

गेल्या वर्षी पुण्याहून आणलेला एक बालकवितासंग्रह मी अख्खा स्कॅन केला आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. हेतू चांगलाच होता. महिन्याभरात कवयित्रींचाच फोन आला. कुणाच्या तरी मावशीच्या त्या शेजारी निघाल्या. "मुलांना कविता आवडल्या, ऐकून बरं वाटलं हो. पण पहिली आवृत्ती अजून माझ्या पलंगाखालीच आहे." मला काय बोलावं सुचेना.

मग इथला कायदा वाचला. तुम्हीही वाचा, वाटतो तितका कडक नाही. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या १०७ व्या कलमात शिकवण्यासाठी वर्गापुरत्या प्रती काढण्याचा उल्लेखच आहे. मात्र वापर कशासाठी, मूळ लेखन कशा प्रकारचं, त्यातलं किती घेतलं आणि त्याच्या विक्रीवर काय परिणाम होतो, हे सगळं पाहिलं जातं. एखादी कविता वर्गापुरती झेरॉक्स करणं बहुधा चालून जातं. अख्खं पुस्तक ४० घरांत पाठवणं नाही. "आम्ही कुठे पैसे घेतो?" एवढ्यानं सुटका होत नाही. बालभारतीची पुस्तकं तर त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेव्हा पालकांना फाइल नको, लिंक पाठवा. आणि मंडळाच्या गणेशोत्सवातलं नाटक म्हणजे वर्ग नव्हे. तिथे नाटककाराची परवानगी हवीच.

आता गंमत पाहा. साने गुरुजी १९५० साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून 'श्यामची आई' तिथे २०११ पासून सर्वांना खुली आहे. इथे मात्र १९३५ च्या त्या पुस्तकाला प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजायची, म्हणजे २०३० संपेपर्यंत थांबायचं. श्यामचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच!

गटावरची ती फाइल मी काढून टाकली आणि या वर्षी संग्रहाच्या ४२ प्रती मागवल्या. टपालखर्च पुस्तकांपेक्षा जास्त आला, कमिटीत थोडी कुरकुरही झाली. कवयित्रींनी प्रत्येक प्रतीवर मुलाचं नाव घालून सही केली आहे. ज्या पालकांचे दहा डॉलर अजून यायचेत, त्यांनी ते दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्याकडे द्यावेत. मी फराळाच्या टेबलाशीच असेन.