विसावं नाव



नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या गेटवर आम्ही कामगार बायकांशी बोलायला जात होतो. तिथल्या हिशेबनीस बाई रोज आमच्या समोरून ऑफिसात जायच्या. ‘ती मालकाची माणूस’ असं ठरवून आम्ही त्यांना कधी हाक मारली नाही.

एका संध्याकाळी त्याच थांबल्या. बी. कॉम. झालेल्या, टॅली शिकलेल्या, आठ वर्षं तिथे पूर्ण वेळ नोकरी. जीएसटी, पगार, बँकेच्या फेऱ्या, शिवाय मालकाच्या घरची बिलं आणि पाहुण्यांचा चहा. म्हणाल्या, “ताई, कामाला माणसं २६ आहेत. हजेरीपटावर १९. विसावं नाव चढलं की फंड भरावा लागतो. ती सात नावं मीच गाळते. त्यांत पाच बायका. एक मी.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना सर्वेक्षण शिकले, अहवाल लिहायला शिकले. हजेरीपट कसा वाचायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

वीस माणसं कामाला असली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पटावर नाव नाही म्हणजे फक्त फंड गेला असं नाही. पगार व्हाउचरवर, हातात रोख. उद्या २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मागायची किंवा पाच वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी मागायची, तर ‘तुम्ही इथे होता कुठे?’ हा पहिला प्रश्न. जिच्या हाताने सगळ्यांची नोंद होते, तिच्याच नोकरीचा कागद नाही.

‘तुम्ही लिहिता कशाला?’ असं विचारणं सोपं आहे. ऑफिसात त्या एकट्या. बातमी बाहेर गेली तर कुणी फोडली, हे मालकाला शोधावं लागणार नाही. कायद्याने जबाबदारी मालकाची. पण तपासणी आली की बोट त्यांच्याकडेच दाखवलं जाईल.

म्हणून आपण या गोष्टी करायला हव्यात. तक्रार संघटनेच्या नावाने करायची, हिशेबनीस बाईच्या नावाने नाही. आणि आधी गाळलेल्या सगळ्या जणींना एकत्र बसवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतलं लेखी नेमणूकपत्र प्रत्येकीने मागावं, एकटीने नव्हे, सगळ्यांनी मिळून. आणि तोवर हजेरीची स्वतःची वही घरी ठेवावी.

आज त्या बाई आमच्या बैठकीला येतात. मागे बसतात, कमी बोलतात. परवा त्यांनी सात नावांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून आणली. पहिलं नाव त्यांचं होतं.

तुमच्या भागातल्या कारखान्याच्या ऑफिसातही अशी एक बाई असेल. या वेळी तिला हाक मारा, आणि काय घडलं ते आम्हाला जरूर लिहा.