ओसरीचा खांब

मी मराठीचा प्राध्यापक. मारामारीशी माझा संबंध 'राम रावणास मारतो' या वाक्यापुरता. त्यातही माझे लक्ष मारण्याकडे नसून 'रावणास' या द्वितीयेकडे असते. म्हणूनच गेल्या चैत्रात आमचे चिरंजीव, "बाबा, वाईचा तो खांब मला द्या, त्याला भोकं पाडायची आहेत," असे म्हणाले, तेव्हा मी नुसता पाहतच राहिलो.

वाईचा खांब म्हणजे आमच्या वाड्याच्या ओसरीचा. वाडा पाडला, त्यातला हा एक गोल सागवानी खांब तेवढा मी टेंपोत घालून पुण्याच्या बिऱ्हाडी आणला. त्याला टेकून माझे वडील ३० वर्षे वर्तमानपत्र वाचीत बसले. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून त्याच्यावर आहे.

चिरंजीव दोन वर्षे विंग चुन नावाची चिनी विद्या शिकत आहेत. तिच्यात एक लाकडी प्रतिस्पर्धी लागतो. कँटनी भाषेत त्याला 'मुक यान जोंग' म्हणतात. म्हणजे लाकूड, माणूस, खांब. समासाचा विग्रहही करावा लागत नाही! सुमारे पाच फुटांचा गोल ओंडका, त्याला तीन हात आणि गुडघ्यात वाकलेला एक पाय. वरचे दोन हात छातीच्या उंचीवर, तिसरा पोटाशी. हे हात भोकांत सैलच बसवतात, म्हणून वाजतात.

"जो उलट मारत नाही त्याला मारण्यात पुरुषार्थ कसला?" मी विचारले. असले टोमणे वर्गात खपतात.

"तो मारतो, बाबा. कोन चुकला की आपलाच जोर आपल्या हाडावर येतो."

हात टणक करण्यासाठी हा खटाटोप नसतोच म्हणे. खांब जागचा हलत नाही, तेव्हा पाऊल आपण टाकायचे, त्याच्या बाजूला जायचे, अंतर ओळखायचे. आपला मल्लखांब माणसाला अंगाखांद्यावर घेतो. हा नुसता वाट अडवून उभा राहतो.

पण मला चटका लावला तो इप मान यांच्या हकीकतीने. जन्म १८९३ चा, दक्षिण चीनमधल्या फोशान गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. तिकडे हा खांब जमिनीत पुरून घट्ट करीत. अशा खांबाला 'मेलेला' म्हणत. १९४९ च्या उलथापालथीत हे गृहस्थ हाँगकाँगला आले. पन्नाशी उलटलेली, घरदार मागे राहिलेले. १९५० मध्ये उपाहारगृहांतील कामगारांच्या संघटनेच्या जागेत ते ही विद्या शिकवू लागले. पण त्या गर्दीच्या शहरात, मजल्यावरच्या खोल्यांत, खांब पुरायला जमीन कुठली? मग ओंडक्यातून दोन आडव्या पट्ट्या आरपार घालून तो चौकटीवर टांगण्यात आला. पट्ट्या लवतात, ढकलला की ओंडका किंचित मागे जातो आणि परत येतो. हा 'जिवंत' खांब. मातीत होता तोवर मेलेला, आणि उपटून बिऱ्हाडात टांगल्यावर जिवंत! शब्दांची ही अदलाबदल दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. साल १९७२. इप मान ७९ वर्षांचे, कर्करोगाने खंगलेले, मृत्यू थोड्या दिवसांवर आलेला. या खांबावरच्या क्रमाच्या हालचाली ११६. मागे नोंद राहावी म्हणून तो म्हातारा खांबासमोर उभा राहून त्या करून दाखवीत होता. हात काटकुळे, पण घाई कुठे नाही.

माझे वडील शेवटच्या महिन्यात खाटेवरून उठून ओसरीपर्यंत येत, खांबाला हात लावीत आणि परत जात. का, ते मी कधी विचारले नाही.

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावले. तेलाचा डाग आहे तिथे भोक नको, एवढेच बजावले.

आता सकाळी सहाला आमच्या गॅलरीत टक् टक् टका सुरू होते. खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा भांडायला आल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या खुर्ची मागून घेऊन पाहतच बसल्या. परवा घरात कोणी नाहीसे पाहून मीही पुढे झालो आणि उजवा हात टाकला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. रात्री जेवताना चिरंजीवांना माझ्या मनगटावरचा निळा डाग दिसलाच.

"हात नंतर, बाबा. आधी पाऊल," ते म्हणाले, आणि हात धुऊन गॅलरीतला दिवा लावायला गेले.