सात दिवसांत तीन देश? आम्हाला एकच पुरे



गेल्या महिन्यात बाबांचा पासपोर्ट आला. वय 74, पहिलाच पासपोर्ट. ठसे मशीन घेईना, बोटं पुसून पुसून चारदा दाबावी लागली. पण आला, आणि त्या दिवसापासून इंदूरात आम्हा दोघा भावांत वाद पेटलाय.

दादाने एका टूरवाल्याचं पत्रक आणलं. सिंगापूर, मलेशिया, थायलंड. सहा रात्री, सात दिवस, सोबत महाराज, रोज वरण-भात. दादाचं म्हणणं, "एवढे पैसे लावून राहिलोय, तर तीन देश तरी व्हायला पाहिजेत ना!" बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "यात अंकोर वाट कुठंय रे?"

नाहीये.

मी स्पष्टच लिहितो. पहिल्या परदेशप्रवासाला, त्यातून म्हातारं माणूस सोबत असताना, एकच देश घ्यावा, आणि जमलं तर त्या देशातलंही एकच गाव. तीन देश म्हणजे तीनदा इमिग्रेशनची रांग, तीनदा बॅगा भरणं, पहाटे चारला हॉटेल सोडणं. बाबांना ही घाई सोसत नाही, आणि आवडतही नाही. मांडूला गेलो की आम्ही चार महाल फिरून येतो, तोवर ते रूपमतीच्या छत्रीत बसलेले असतात. दोन-दोन तास. त्यांचं बघणं तसंच आहे.

म्हणून माझा बेत कंबोडियाचा, आणि त्यातही फक्त सिएम रीप. अंकोरचा एका दिवसाचा पास 37 डॉलरचा, तीन दिवसांचा 62 चा. तीन दिवसांचा पास लागोपाठ वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कधीही तीन दिवस चालतो. एक दिवस देऊळ, एक दिवस आराम. गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय मला दुसरीकडे दिसली नाही.

अंकोर वाट बाराव्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेलं विष्णूचं देऊळ. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सगळे तिकडूनच शिरतात, खंदकावरचा लांब पूल तुडवत. पण समुद्रमंथनाचा तो प्रसिद्ध शिल्पपट, जवळजवळ 49 मीटर लांब, आहे पूर्वेच्या ओवरीत. पूर्वेच्या दारापर्यंत गाडी येते, चालणं कमी आणि गर्दीही कमी. हे कळल्यावर मी नकाशा घेऊन बाबांकडे पळालो. पळता पळता माझा शहाणपणाही उतरला. मी त्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावर, बाकानवर, कसं चढवायचं याचा हिशेब मांडून बसलो होतो. तिथला जिना जवळजवळ शिडीसारखा उभा. बाबा म्हणाले, "तुम्ही चढा. मी मंथनापाशी बसेन. मला कोणी विचारलं होतं का, वर जायचंय म्हणून?" खरंच नव्हतं विचारलं. दादा तीन देश मोजत होता, मी पायऱ्या मोजत होतो. फरक फार नव्हता.

आता एक जरा टोचणारं. बेत सांगितला की नातेवाईक म्हणतात, "जा जा, ते सगळं आपलंच आहे." मला हे पटत नाही. कथा इथून गेल्या असतील, पण दगड त्यांनी घडवले, त्यांच्या झेंड्यावर ते देऊळ आहे, आणि आज तिथे बुद्धाची पूजा होते. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून "अरे, हिंदीच झाली की तुमची" म्हणतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं? पिढ्यान् पिढ्या इथे राहून जी झाली ती आमची मराठी आहे. तिथल्या रामायणालाही तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. दादाला मे हवा, मुलांना सुट्टी असते. एप्रिल-मे तिथला सगळ्यात कडक उन्हाळा. बाबा म्हणतात, उन्हाळाच बघायचा तर सराफ्यात आईस्क्रीम तरी मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. व्हिसा ऑनलाइन निघतो, पण सरकारीसारख्या दिसणाऱ्या, जास्त पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, पत्ता नीट बघा. डॉलर सगळीकडे चालतात, फाटकी-डागाळलेली नोट मात्र कोणी घेत नाही. शाकाहाऱ्यांनो, भाजीतही माशाचा सॉस असतो, आधी विचारा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे ठेवा, नाहीतर बाकानवर सोडत नाहीत. बाबांनी शेवेची दोन पाकिटं आत्ताच बाजूला काढलीत, त्यावर मी काही बोललो नाही.

दादाला शुक्रवारपर्यंत टूरवाल्याकडे पैसे भरायचेत. गुरुवारी रात्री त्याला जेवायला बोलावलंय, बोलणार बाबा आहेत, मी नाही.

तोवर कोणी आई-वडिलांना तिकडे नेलं असेल तर सांगा: टुकटुक बरी की गाडीच करावी? आणि पूर्वेच्या दारापासून ओवरीपर्यंतची पायवाट काठी घेऊन चालण्याजोगी आहे का?